मोजताना कुठे उभी होतीस

“मग सर, याच्यापुढे माणसाने अजून काय करून दाखवायचं असतं?”

प्रणाली नाईकवडीने हे विचारलं आणि ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. प्रश्न मोठा होता, पण तिला हवा होता तो एकच शब्द, शाब्बास.

धुरी सर अंगणात एका कुंडीपाशी उकिडवे बसले होते. कुंडीत भाताचं रोप होतं. त्यांनी त्याचं एक पान दोन बोटांत धरलं, उन्हाकडे तिरपं केलं आणि सोडून दिलं.

“मोजताना तू कुठे उभी होतीस?”

“अं?”

“कुठे उभी होतीस?”

प्रणाली म्हणाली, कुठे म्हणजे, आमच्या जाळीघरात. कुंड्यांच्या दोन रांगांमधल्या वाटेवर. दुसरीकडे कुठे उभी असणार?

सरांनी मान हलवली. तो होकार होता की नकार, ते तिला कळलं नाही.

धुरी सरांचं असंच होतं. कोकणातल्या एका भात संशोधन केंद्रात त्यांनी उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर केंद्राच्या कुंपणाला टेकूनच घर बांधलं, जणू लक्ष काढलं तर केंद्र पळून जाईल. त्यांचे विद्यार्थी त्या घराला मठ म्हणत. मठात प्रसाद पोटभर मिळायचा, उपदेश मात्र मागूनही मिळत नसे.

आणि शाब्बास तर कुणालाच मिळालेला नव्हता. एका विद्यार्थ्याला एकदा ‘बरं’ मिळालं होतं. तो अजून ते सांगत फिरतो.

प्रणालीने त्यांच्याच हाताखाली या विद्येचा श्रीगणेशा केला होता. विद्या कसली, तर पानाची. ऊन, पाणी आणि हवा घेऊन पान स्वतःचं अन्न शिजवतं, ते प्रकाशसंश्लेषण. हे शिजवणं थोडं सुधारता आलं, तर तेवढ्याच जमिनीत, तेवढ्याच पाण्यात आणि कमी खतात जास्त दाणा पिकेल, अशी ही आशा. आशा मोठी आणि काम महाकिचकट. पानांना ही कला कोट्यवधी वर्षांपासून येते आणि त्यांना शिकवायला निघालेली माणसं कालची पोरं.

पुढे प्रणाली घाटावरच्या विद्यापीठात गेली. तिथे तिने तळ्याकाठच्या रानभाताचा एका साध्या भाताशी संकर केला. त्यातून जी रोपं आली, त्यांतलं एक बुटकं, गडद हिरवं रोप तिच्या मनात भरलं. लहानपणी आजोळी तिच्याकडे एक लाकडी बाहुली होती, रंग उडालेली, ठकी नावाची. तेच नाव तिने त्या रोपाला दिलं.

ठकीची पानं मोजली, तर आकडे असे आले की प्रणालीला आधी खरंच वाटेना. मग वाटलं. मग इतकं वाटलं की तिने दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या संस्थेत संशोधकाच्या जागेसाठी अर्ज केला. परवा तिथे मुलाखत होती आणि समितीपुढे ठेवायला तिच्याजवळ ठकीशिवाय काही नव्हतं. ठकी खरी, तर जागा तिची.

तिने सरांना फोन करून सगळं सांगितलं होतं. सर म्हणाले, “येताना ठकीला घेऊन ये. तिच्या आईलाही आण. यंत्र आण.”

आई म्हणजे तो साधा भात, ज्याच्या पोटी ठकी जन्मली. प्रणाली हरखली. सरांना चमत्कार डोळ्यांनी बघायचाय, असं ती धरून चालली. तिने ठकीची कुंडी गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवून तिला पट्टा लावला, आईला डिकीत टाकलं आणि घाट उतरून आली.

आणि आता सर विचारत होते, कुठे उभी होतीस.

“नाव कुणी ठेवलं हिचं?” सरांनी विचारलं.

“मीच.”

“चांगलं ठेवलंस.”

प्रणालीला बरं वाटलं. पण सरांनी लगेच पुढचं विचारलं. “दाणा?”

इथे ती जरा अडखळली. दाणा अजून म्हणावा तसा भरत नव्हता. ठकीची पानं आईपेक्षा एवढी जास्त जेवतात, तर ते जेवण जातं कुठे, हा काटा तिला वर्षभर टोचत होता. पण तिने सरांना सांगितलं की कुंडीत मुळं आखडतात, शेतात लावली की दाणाही दिसेल. हे ती सगळ्यांनाच सांगायची. स्वतःलाही.

सरांनी यंत्राच्या पेटीकडे बोट दाखवलं.

मग म्हणाले, “मोज.”

ती याचीच वाट बघत होती. तिने यंत्र उघडलं. या यंत्राला एक चिमटा असतो. तो पानाला लावायचा. एका रबरी नळीतून बाहेरची हवा आत येते आणि चिमट्यातल्या पानावरून जाते. तिच्यातला कार्बन डायऑक्साइड पानाने किती खाल्ला, ते यंत्र सांगतं. जास्त खाणारं पान कामसू समजायचं.

आधी तिने आईच्या पानाला चिमटा लावला आणि आकडा स्थिर होईपर्यंत बाजूला जाऊन सरांच्या बायकोने, इंदूकाकूंनी दिलेला चहा घेतला. आकडा आला. साधाच होता, बेताचा.

मग ठकी. ठकीजवळ ती गुडघे टेकून बसली. चिमटा अलगद लावला, पान मुडपलं नाही ना ते वाकून पाहिलं. “चल ठकूबाई,” ती पुटपुटली, “सरांना दाखव बघू.” आकडा चढू लागला. ती तशीच वाकून त्याला चढताना बघत राहिली. आईच्या किती तरी वर जाऊन तो थांबला.

प्रणालीने यंत्राचा पडदा सरांकडे वळवला. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

सरांनी आकडा पाहिला. “आता मी मोजू?”

“मोजा ना सर.”

सर गुडघ्यावर हात टेकत उठले. पण ठकीकडे गेले नाहीत. त्यांनी आईची कुंडी जवळ ओढली, तिच्याशेजारी नळी टाकली, पानाला चिमटा लावला आणि तिच्यापुढे मांडी घालून बसले. अगदी नाकाशी नाक लावल्यासारखे.

“काय गो बाय,” सर रोपाला म्हणाले, “बरी आहेस?”

प्रणालीला हसू आलं. म्हातारपणी माणूस असा होतो म्हणायचं.

सर मात्र गंभीरपणे बोलत राहिले. लेक मोठी झाली तुझी, म्हणाले. तिला पुढे बसवून आणली आणि तुला डिकीत. घाटात लागलं का कुठे? मनाला लावून घेऊ नकोस, आईबापाचं हे असंच असतं. मग त्यांनी तिला आपल्या गुडघ्याबद्दल सांगितलं, रात्री डुकरं येऊन बांध उकरतात त्याबद्दल सांगितलं, काकू मीठ कमी घालतात तेही हळू आवाजात सांगितलं. एवढं बोलताना त्यांना प्रणालीने कधी ऐकलं नव्हतं.

“सर, आकडा…”

आकडा चढत होता. बेताच्या आईचा तो बेताचा आकडा, जागचा हलला आणि वर निघाला. प्रणाली बघत राहिली. तो ठकीच्या आकड्यापाशी आला. तिथे न थांबता थोडा पुढेही गेला.

सर मागे सरकून बसले.

“शाब्बास,” ते म्हणाले. कुंडीला.

अंगणापलीकडच्या मांगराच्या कौलांवर एक कावळा येऊन बसला आणि उडून गेला…

प्रणालीची नजर नळीवर गेली. ती कुंडीशेजारी मातीत पडली होती आणि तिचं उघडं तोंड सरांच्या तोंडाकडे होतं. मघाशी, ठकीच्या वेळी, ते प्रणालीच्या तोंडाकडे होतं. जाळीघरात रोज सकाळी तिच्या तोंडाकडे असायचं.

तिने नळी उचलून हातात धरली.

हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. अगदी पहिल्या वर्षी, पहिल्या तासाला सरांनी हेच शिकवलं होतं. माणसाच्या श्वासात कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. त्याचा झोत नळीत शिरला, की पानाला फुकटचं जेवण मिळतं आणि आकडा फुगतो. म्हणून नळी माणसाच्या नाकातोंडापासून लांब ठेवायची. सर एका उंच बांबूच्या टोकाला नळी बांधून तो बांधावर रोवायचे. पोरं त्याला सरांची गुढी म्हणायची. शेतात गुढी उभारलेली दिसली की आज सर मोजणार, हे साऱ्या केंद्राला कळायचं.

घाटावर गेल्यावर तिनेही गुढी उभारली होती. पण जाळीघरात बांबू वरच्या जाळीत अडकायचा. एकदा जाळी फाटली, बोलणी बसली, मग गुढी कोपऱ्यात गेली. बाकीच्या कुंड्यांच्या वेळी काही बिघडलं नाही, कारण चिमटा लावून ती लांब जायची, फोन बघायची. ठकीजवळ मात्र ती बसून राहायची. वाकायची, बोलायची, कधी गुणगुणायची. आत येणाऱ्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडाही यंत्र दाखवतं आणि ठकीच्या वेळी तो चढा असायचा, हे तिने पाहिलं होतं. पाहिलं आणि ओली मातीही हा वायू सोडते म्हणत मातीवर ढकललं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण भाताच्या रोपालाही लागू पडते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“सर,” तिने विचारलं, “गुढी आहे अजून?”

सरांनी वळचणीकडे बोट दाखवलं.

बांबू तिनेच काढला. वरच्या टोकाला जुन्या सुतळीचा तुकडा तसाच होता. सरांनी नळी बांधली, तिने खड्डा केला, दोघांनी मिळून गुढी उभी केली. मग तिने आईला मोजलं आणि पाच पावलं मागे गेली. ठकीला मोजलं आणि पाच पावलं मागे गेली. त्या दुसऱ्या पाच पावलांना तिला फार कष्ट पडले.

आईचा आकडा जुनाच होता. ठकीचा आकडा खाली आला आणि आईच्या शेजारी येऊन बसला. अगदी शेजारी नव्हे. केसभर वर.

तिने परत मोजलं. कधी केसभर वर, कधी बरोबरीत.

“केसभर आहे,” ती म्हणाली. “की मला हवं आहे म्हणून दिसतंय?”

“कुणास ठाऊक.”

“कसं कळेल?”

“शेतात लाव. दहा वर्षं मोज.”

“मग कळेल?”

“मग कळेल की नाही, ते कळेल.”

प्रणाली पायरीवर बसली आणि तिला रडू आलं. लपवायला जागा नव्हती, म्हणून तिने लपवलं नाही. इतकी वर्षं, इतके आकडे, सगळे तिच्याच फुप्फुसातून निघालेले. ठकी असं नाव ठेवलं आणि ठकले मीच, असं ती म्हणाली आणि म्हणता म्हणता तिला रडतानाच हसू फुटलं.

इंदूकाकूंनी पेजेच्या वाट्या आणि लोणच्याची फोड आणून ठेवली. तीन वाट्या होत्या. त्यांनीही पदर खोचून पायरीवर बैठक मारली.

गरम पेज पोटात गेली तशी प्रणालीला एक गंमत जाणवली. तिला वाटलं होतं तेवढं वाईट वाटत नव्हतं. वर्षभर टोचणारा तो काटा निघाला होता. दाणा का भरत नाही? कारण ठकी जास्त जेवतच नव्हती. ती बिचारी प्रामाणिकपणे आईएवढंच शिजवत होती. लबाडी कुणी केलीच नव्हती, नुसती माया झाली होती.

तिने सरांना विचारलं, तुम्ही एवढी वर्षं मोजलंत, तुम्हाला काय सापडलं? हे विचारायचं धाडस तिला आजवर झालं नव्हतं. ढग येऊन गेल्यावर पान पुन्हा कामाला लागायला वेळ लावतं. कुठलं पान लवकर उठतं, ते शोधण्यात सरांचं आयुष्य गेलं, एवढं तिला माहीत होतं. त्यातून सरांच्या नावाचं एकही वाण निघालं नव्हतं, हेही माहीत होतं.

सर पेज पीत होते. वाटी खाली ठेवून म्हणाले, थोडीशी लवकर उठणारी काही सापडली. कुणी ती संकराला नेली. त्यांच्या पोरांची कुणी पुढे नेली.

“आणि?”

“ही पेज त्यांच्यातल्याच एकीच्या पणतीची.”

“कुणाला माहीत आहे हे?”

काकू म्हणाल्या, “मला आहे. दरवेळी सांगतात.”

सर हसले. पणजीचं नाव कुणाला आठवतं, म्हणाले. भात मऊ शिजला म्हणजे झालं.

प्रणालीने वाटीत पाहिलं. चार शितं तळाशी राहिली होती. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. त्या शितांकडे बघून कुणाला सांगता आलं असतं, की यांच्यामागे एक माणूस आयुष्यभर बांबू घेऊन उन्हात उभा होता? आणि त्या माणसाला त्याचं काही वाटत नव्हतं. हे तिला आधी कधी दिसलं नव्हतं, आता दिसलं आणि तिला त्यांचा हेवा वाटला.

पण परवाची मुलाखत तशीच होती.

“समितीला काय सांगू सर?”

“मोजताना कुठे उभी होतीस, ते सांग.”

“मग जागा जाईल.”

सरांनी विचार केला. “जाईल बहुधा.”

त्यांनी तिची समजूत काढली नाही आणि तिला तेच आवडलं. तिने मनातल्या मनात समितीपुढे उभं राहून पाहिलं. पहिलं वाक्य बोलून पाहिलं. मी चुकीच्या जागी उभी होते. वाक्य जड जाईल असं वाटलं होतं, पण ते सुटसुटीत निघालं. त्याच्यापुढचं वाक्यही आपोआप सुचलं, की केसभर फरक शिल्लक आहे आणि तो खरा की खोटा ते मला बघायचं आहे. त्यांनी जागा दिली तर तिथे बघेन. नाही दिली तर…

“सर, तुमच्या विहिरीकडचा तुकडा यंदा पडीक आहे ना?”

“आहे.”

“ठकी आणि आई, दोघींना तिथे लावलं तर? मी येत जाईन.”

“जाळी नाही तिथे,” सर म्हणाले. “गुढी अडकणार नाही.”

उन्हं कलली तशी ती निघायला उठली. यंत्र पेटीत भरलं. सर बांबू वळचणीला ठेवायला निघाले होते, पण तिने तो मागून घेतला आणि खिडकीतून टोक बाहेर काढून गाडीत आडवा घातला. मग आईची कुंडी उचलून तिने पुढच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला. पुढे दुसरी जागा नव्हती. ठकीला या खेपेला मागे बसावं लागणार होतं.

ती ठकीला न्यायला परत आली. कुंडीपाशी गुडघ्यांवर बसली, पानं चिमट्याने दुखावली नाहीत ना ते बघायला सवयीने वाकली, अगदी जवळ गेली आणि तिच्या एकदम ध्यानात आलं. तिने तोंड घट्ट मिटलं. गाल फुगले, डोळे मोठे झाले आणि ती तशीच पान पान बघत राहिली.

सर गाडीचं दार धरून उभे होते.

ते म्हणाले, “सोड गो तो श्वास. ती उपाशी बसलीय.”